धूम्रपानमुक्ती आणि चिकित्सेचा तिसरा पाद

'धूम्रपान सोडा' असे आपण रुग्णास सांगतो, व्यवस्थापत्रावर अपथ्याच्या सदरात 'विडी-सिगारेट' असे लिहितो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो. सांगितले म्हणजे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. आमचीही बरीच वर्षे तशीच समजूत होती. ती एका रुग्णाने दूर केली. त्याची हकीगत प्रथम सांगतो, कारण तीत जी चूक आहे ती आमची आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक टेम्पोचालक तमक श्वासाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे येऊ लागले. वयाच्या विसाव्या वर्षापासून विडीची सवय, प्रमाण दिवसाला दीड बंडल. आम्ही यथाशास्त्र औषध दिले आणि दर भेटीत विडी सोडण्याविषयी बजावले. ते दर वेळी "सोडली" असे सांगत. एके दिवशी त्यांच्या कपड्यांना विडीचा वास आला आणि बाकावर बसलेल्या इतर रुग्णांसमक्ष आम्ही त्यांना लागेल असे बोललो. त्यानंतर चौदा महिने ते फिरकले नाहीत. पुन्हा आले ते मेव्हण्याच्या आधाराने, दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढताना दोनदा थांबत.

त्या दिवशी आम्ही रागावलो नाही. थोडे स्थिर झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, पहिल्या वेळेला मी खरंच सोडली होती. नऊ दिवस. दहाव्या दिवशी स्टँडवर एकानं पुढं केली, ओढली. मग तुम्हाला काय तोंड दाखवायचं? घरी तर कोणाला सांगितलंच नव्हतं. नाही जमलं तर हसू होईल म्हणून."

नऊ दिवस! व्यसनत्यागातील सर्वांत कठीण दिवस या गृहस्थांनी एकट्याने काढले होते. घरी कोणास ठाऊक नव्हते, स्टँडवर ठाऊक नव्हते आणि वैद्यालाही ठाऊक नव्हते. औषध होते, वैद्य होता, रुग्णाची इच्छाही होती. नव्हता तो फक्त सोबत करणारा माणूस. त्या माणसाविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

चतुष्पादातील उपेक्षित पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी ते प्रत्येकी चार गुणांसह पाठ केले. व्यवसायात मात्र आपले लक्ष बहुधा पहिल्या दोन पादांवर राहते. पंचकर्मासाठी आपण परिचारक नेमतो, परंतु बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णाचा उपस्थाता कोण, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. इतर अनेक व्याधींत त्यावाचून चालून जाते. धूम्रपानत्यागात चालत नाही, कारण येथे अपथ्याचा प्रसंग दिवसातून पंधरा-वीस वेळा येतो आणि त्यांपैकी एकाही वेळी वैद्य तेथे उपस्थित नसतो.

रोग्याच्या चार गुणांपैकी ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था यथार्थपणे सांगणे, हा गुणही येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. रुग्ण खोटे बोलतो अशी तक्रार आपण करतो. परंतु ज्याला चारचौघांत बोलणी खावी लागतात त्याचे ज्ञापकत्व आपणच नष्ट केलेले असते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

एक गैरसमज

काही रुग्ण, आणि क्वचित काही विक्रेतेही, "आयुर्वेदात धूमपान सांगितलेच आहे" असे म्हणतात. त्यांना स्पष्ट उत्तर देता आले पाहिजे. शास्त्रोक्त धूमपान प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक अशा भेदांनी सांगितलेले कर्म आहे. त्याची द्रव्ये, काल व मात्रा निश्चित आहेत. अकाली वा अतिमात्र धूमपानाने बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त, शिरोभ्रम असे उपद्रव होतात, असा इशारा चरकांनी दिला आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस वाग्भटांनी धूम निषिद्ध मानला आहे. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे आली. बृहत्त्रयीत तिचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून या लेखात व्यसनासाठी 'धूम्रपान' आणि शास्त्रोक्त कर्मासाठी 'धूमपान' असे दोन शब्द आम्ही वेगळे ठेवले आहेत.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हाही एक समज आहे. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू कमी भरलेली असली तरी विडी लवकर विझते, त्यामुळे ती वारंवार व जोराने ओढावी लागते. तिच्या धुरातून निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात मिळू शकतात.

व्यसन कसे जखडते

ओढलेल्या धुरातील निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या शीघ्र मिळणाऱ्या सुखाची मनास सवय जडते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून दिवसभर पुनःपुन्हा तल्लफ येते आणि रात्रीच्या खंडानंतर सकाळची पहिली विडी सर्वांत प्रिय वाटते. 'उठल्यापासून किती वेळात पहिली विडी ओढता?' हा एकच प्रश्न व्यसनाची तीव्रता सांगून जातो. अर्ध्या तासाच्या आत, विशेषतः पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्यास अधिक आधाराची गरज असते.

आपल्या परिभाषेत हे ओकसात्म्य होय. अहितकर असूनही अभ्यासाने शरीरास ते सात्म्य झालेले असते. त्यामुळे ते एकदम काढून घेतल्यास चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, चित्ताची चंचलता, मलावष्टंभ, क्षुधावृद्धी अशी लक्षणे उद्भवतात. पहिले तीन दिवस ती तीव्र असतात व दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी शमतात. तल्लफेचा प्रत्येक आवेग मात्र काही मिनिटांचाच असतो. तेवढी मिनिटे निघून गेली की तो ओसरतो. ही मिनिटे एकट्याने काढावयाची की कोणाच्या तरी सोबतीने, एवढाच खरा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते, तर १०.७ टक्के धूम्रपान करीत होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा विचार करीत होते. मात्र आधीच्या वर्षभरात वैद्यकीय सेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनाच ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक वैद्याच्या दारातून या विषयाचा एक शब्दही न ऐकता परत गेले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर याच सर्वेक्षणात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के, परंतु धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के आढळले. यातून आपल्यासाठी एक सावधगिरीची सूचना निघते. येथे विडी सोडणाऱ्याच्या हाती तंबाखू-चुन्याची डबी फार सहज येते. विडी सुटली आणि तंबाखू लागली, तर ती मुक्ती नव्हे. संकल्प सर्व प्रकारच्या तंबाखूच्या त्यागाचाच असावा.

कोणत्याही साहाय्यावाचून धूम्रपान सोडणाऱ्यांपैकी शंभरात तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर मुक्त राहतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. इच्छा असणारे पुष्कळ आणि यश मिळणारे थोडे, या दोहोंतील अंतर कसे भरून काढावे? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयरोग अभ्यासातील माहितीवरून क्रिस्टाकिस व फाउलर या संशोधकांनी २००८ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ व्यक्तींचे परस्परसंबंध त्यांनी तपासले. पती वा पत्नीने धूम्रपान सोडल्यास जोडीदार धूम्रपान करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी घटली होती. लहान आस्थापनेतील सहकाऱ्याने सोडल्यास ती ३४ टक्क्यांनी कमी झाली होती. लोक एकेकटे नव्हे, तर गटागटाने या सवयीतून बाहेर पडत होते. समाज अमेरिकेतील आहे हे खरे, परंतु पहिली विडी मित्रानेच दिली, असे आपलेही बहुतेक रुग्ण सांगतात. जी सवय संगतीने लागते, ती सोडतानाही संगतीचा उपयोग करून घेणे युक्त होय.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जोडीदारास 'यांना मदत करा' असे सांगून किंवा थोडे शिकवून यश वाढते काय, हे पाहणाऱ्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत तसा स्पष्ट लाभ दिसलेला नाही. मात्र जोडीदाराच्या वागण्यात प्रोत्साहनाचे प्रमाण टोचून बोलण्यापेक्षा अधिक असेल, तेथे त्यागाचे यश अधिक आढळले आहे. तात्पर्य, नुसता माणूस शेजारी असून भागत नाही, त्याच्या ठिकाणी गुण असावे लागतात. चरकांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले ते याचसाठी.

उपस्थात्याचे चार गुण आणि त्यांचा व्यवहार

१) उपचारज्ञता : पुढे काय होणार आहे हे उपस्थात्यास आधी ठाऊक असले पाहिजे. पहिल्या आठवड्यात रुग्ण चिडेल, ताटावरून उठेल, रात्री तळमळेल. हा राग घरच्यांवर नसून त्यागाचे लक्षण आहे, एवढे समजले तरी निम्मे कलह टळतात. विडी सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो. श्वसनमार्गाची स्वच्छता पुन्हा सुरू झाल्याने असे होते. हे न सांगितल्यास 'सोडल्यापासूनच त्रास वाढला, त्यापेक्षा ओढत होतो ते बरे' असा निष्कर्ष घरचेच काढतात. म्हणून उपस्थात्यास एकदा रुग्णासोबत बोलवावे आणि दहा मिनिटे स्वतंत्र द्यावीत.

२) दाक्ष्य : ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरातील व गाडीतील काडेपेटी, लायटर, रक्षापात्र, उरलेली बंडले दूर करावीत. पानटपरीवरील उधारीचे खाते भागवून बंद करावे, कारण उघडे खाते हे परतीचे दार असते. सकाळचा चहा, जेवणानंतरची वेळ, कामातील खंड, लग्नसमारंभ, मद्याची बैठक ही धोक्याची स्थाने रुग्णाबरोबर बसून लिहून काढावीत. जेवणानंतर विडीऐवजी शतपावली, आणि तीही सोबत करून. तल्लफ आल्यास रुग्णाने उपस्थात्यास दूरध्वनी करावा आणि त्याने पाच मिनिटे इतर काहीही बोलावे. उपदेशाची त्या वेळी गरज नसते.

३) अनुराग : तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, 'याआधीही सोडली होतीस' अशी आठवण करून देणे, हे प्रेमापोटी घडत असले तरी घातक ठरते. त्याऐवजी दिनदर्शिकेवर मुक्त दिवसाची खूण करावी आणि 'आजचा दिवस पार पडला' एवढेच म्हणावे. विडीवर रोज खर्च होणारे पैसे एका डब्यात साठवून महिन्याअखेरीस घरासाठी एखादी वस्तू आणावी.

४) शौच : उपस्थाता स्वतः तंबाखूपासून मुक्त असावा. निदान त्याने रुग्णासमोर तिचे सेवन करू नये. घरातील दोघांना व्यसन असल्यास दोघांनी एकाच दिवशी सोडावे, हे उत्तम. मनाचे शौचही येथे अभिप्रेत मानावे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत पसरवणारा मनुष्य उपस्थाता होण्यास योग्य नव्हे.

उपस्थाता कोण असावा, हे रुग्णानेच ठरवावे. आपण सवयीने पत्नीचे नाव सुचवतो. परंतु पत्नीवर पहारेकऱ्याची भूमिका लादली की घरात रोज संघर्ष होतो आणि अपयशाचा दोषही तिच्याच माथी येतो. मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर कित्येकदा घरात हा विषय उघडपणे निघतच नाही. तेथे बहीण, जाऊ किंवा शेजारीण अधिक उपयोगी पडते. दिवसातील अधिकांश विड्या जेथे ओढल्या जातात, तेथील माणूस निवडावा, हे आमचे अनुभवाचे सूत्र आहे.

ज्यांना असा कोणीच नाही, त्यांच्यासाठी गट हा उपस्थाता होऊ शकतो. एकट्याने पुस्तिका वाचून सोडण्यापेक्षा गटात राहून सोडणाऱ्यांचे यश अधिक, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. आठवड्यातून एकदा, दवाखाना बंद झाल्यावर सहा-आठ जणांना अर्धा तास एकत्र बसविणे आपल्यापैकी कोणासही अशक्य नाही.

पादांशक्रम आणि निश्चित दिवस

नवेगान्धारणीय अध्यायात चरकांनी अहितकर सवय क्रमाने सोडण्याचा विधी सांगितला आहे. अहिताचा एकेक पाद कमी करीत त्याजागी हिताचा पाद आणावा आणि टप्प्यांमध्ये एक, दोन व तीन दिवसांचे अंतर ठेवावे, असा त्याचा आशय. वाग्भटांनी पादाने अथवा पादाच्याही पादाने सोडण्याची मुभा दिली आहे. या विधीचा आधार घेऊन 'हळूहळू कमी करा' असे आपण सांगतो, आणि रुग्ण वर्षानुवर्षे 'कमी करतो आहे' असे सांगत राहतो.

येथे इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा विचार करणे योग्य होईल. ६९७ धूम्रपान करणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम, तर अर्ध्यांनी दोन आठवडे क्रमाने कमी करून धूम्रपान सोडले. दोन्ही गटांना समुपदेशन व निकोटिनपूरक उपचार दिले होते. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर क्रमाने सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के मुक्त होते. मग पादांशक्रम चुकीचा मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. क्रमाने सोडूनही दहापैकी जवळजवळ चार जण यशस्वी झालेच आहेत, आणि एकदम सोडण्याच्या कल्पनेनेच ज्यास भीती वाटते त्यास तोच मार्ग खुला असतो. परंतु चरकोक्त क्रमाला दिवसांची गणना आहे, शेवट आहे, आणि काढलेल्या पादाच्या जागी हितकर पाद ठेवण्याची अट आहे. या तिन्ही गोष्टी वगळून उरते ती केवळ चालढकल.

म्हणून ज्याची तयारी आहे त्याने निश्चित दिवशी एकदम सोडावे. इतरांसाठी वीस विड्यांवरून पंधरा, दहा, पाच आणि शून्य असा, दोन आठवड्यांच्या आत संपणारा क्रम लिहून द्यावा. त्या दिवसांत बंडल रुग्णाच्या खिशात न राहता उपस्थात्याकडे राहावे व त्याने ठरलेली संख्या सकाळी मोजून द्यावी. शून्याची तारीख तिघांनाही, म्हणजे रुग्ण, उपस्थाता व वैद्य यांना, पाठ असावी.

द्रव्याचे स्थान

व्यसन सोडविणारे हमखास औषध म्हणून कोणत्याही योगाची शिफारस करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. द्रव्याने त्यागकाळातील लक्षणे सुसह्य होतात, आणि तेवढेही थोडे नाही.

'विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही' ही तक्रार प्रत्येक वैद्याने ऐकलेली आहे. ठरलेल्या दिवसापूर्वी आठवडाभर रात्री त्रिफळा चूर्ण ३ ते ५ ग्रॅम कोमट पाण्याबरोबर सुरू केल्यास सकाळच्या विडीचे हे निमित्त नाहीसे होते. कासासाठी सितोपलादी चूर्ण मधातून द्यावे. ज्येष्ठमधाची कांडी चघळण्यास उपयुक्त आहे, परंतु उच्च रक्तदाब असणाऱ्यास ती दीर्घकाळ देऊ नये. निद्रानाशात दुधाबरोबर अश्वगंधा, तसेच रात्री काशाच्या वाटीने पादाभ्यंग करावा. हा पादाभ्यंग उपस्थात्याने केल्यास अनुराग व उपचार दोन्ही साधतात. मुखवैरस्यासाठी लवंग, वेलदोडा, बडीशेप, ओवा जवळ ठेवावेत. मुखात धारण करण्याच्या शास्त्रोक्त द्रव्यांत पूग, म्हणजे सुपारी, हिचाही समावेश आहे. आज मात्र ती वगळावी, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी कर्करोगकारक ठरविली आहे. क्षुधावृद्धीने वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढू शकते, म्हणून गोळ्या-चॉकलेटांऐवजी फळे, लाह्या, भाजलेले चणे सुचवावेत.

तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. एक, धूम्रपान थांबताच शरीरात कॅफीन अधिक काळ टिकू लागते. पूर्वीइतकाच चहा घेतल्यास अस्वस्थता व अनिद्रा वाढते आणि तिचा दोष त्यागास दिला जातो, म्हणून चहा निम्मा करावा. दोन, थिओफिलिन व काही मानसरोगावरील औषधांचे रक्तातील प्रमाणही याच कारणाने वाढते. मधुमेह्याची इन्सुलिनची गरज बदलू शकते. असे रुग्ण ज्यांच्याकडून ती औषधे घेत असतील त्यांना त्यागाची पूर्वकल्पना देणे आपले कर्तव्य होय. तीन, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, रक्तष्ठीवन किंवा वजनात घट असल्यास 'त्यागाचा खोकला' म्हणून स्वस्थ न बसता थुंकीची तपासणी व क्ष-किरण परीक्षा करून घ्यावी. खोल उदासीनता दिसल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

तीव्र व्यसनात निकोटिनयुक्त च्युइंगगम वा चकती यांचा अव्हेर करू नये. त्यांमुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, हे पुष्कळ चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.

औषधी दुकानदारांना निवेदन

रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, परंतु दुकानापुढून रोज जातो. खोकल्याचे औषध मागणाऱ्यास 'विडी-सिगारेट आहे का?' असे आपुलकीने विचारण्यास काही खर्च येत नाही. त्यागातील रुग्णास पहिल्या महिन्यात औषध एकदम न देता सात-सात दिवसांचे द्यावे. त्या निमित्ताने तो दर आठवड्यास येतो आणि 'किती दिवस झाले?' असे विचारणारा आणखी एक माणूस त्यास मिळतो. तंबाखूविरहित वनौषधी सिगारेट पर्याय म्हणून विकू नये. कोणतेही पान जळले की डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या विक्रीवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. काडेपेट्या व लायटर दुकानात नसावेत, हे सांगणे न लगे.

२०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी लावावा. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जाऊ लागला, परंतु ज्याने पाकीट विकत घेतले त्याची नजर त्यावर क्वचितच ठरते. तुम्ही बोट ठेवून दाखविलात तर ठरेल.

पुन्हा ओढली तर

एक विडी ओढली गेली म्हणजे सर्व संपले, असे रुग्णास वाटते. हीच घडी निर्णायक असते. आमच्या रुग्णाने दहाव्या दिवशी एक ओढली आणि लाजेपोटी पुढे चौदा महिने ओढत राहिले. त्या संध्याकाळी 'मी आज चुकलो' असे सांगण्यास एक जरी माणूस असता, तर ते चौदा महिने वाचले असते. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे : चुकल्यास त्याच दिवशी या, आम्ही रागावणार नाही. आणि ते आल्यावर खरोखरच रागावू नये. कोठे, कोणाबरोबर, कोणत्या वेळी, एवढेच विचारावे आणि धोक्याच्या स्थानांच्या यादीत ते स्थान वाढवावे. प्रज्ञापराधाच्या तिन्ही घटकांत, म्हणजे धी, धृती व स्मृती यांत, व्यसनी मनुष्याची धृती दुर्बल झालेली असते. तिला काही काळ दुसऱ्याच्या धृतीचा टेकू देणे, हा आमच्या मते सत्त्वावजयाचाच एक प्रकार होय.

आपल्यापैकी काहींच्या खिशातही तंबाखूची डबी असते. त्यांनी प्रथम स्वतःसाठी उपस्थाता शोधावा, अशी नम्र विनंती आहे. वैद्याचे शौच रुग्णाच्या दृष्टीस चटकन पडते.

आता त्या टेम्पोचालकांविषयी. दुसऱ्या वेळी उपस्थाता म्हणून आम्ही पत्नीचे नाव सुचविले. त्यांनी ते नाकारले आणि स्टँडवरील सोबतच्या चालकाचे नाव सांगितले. तेही विडी ओढणारे होते. दोघांना एकत्र बोलाविले, पत्नीस लक्षणांची कल्पना दिली आणि दोघांसाठी एकच तारीख ठरविली. पहिल्या दोन महिन्यांत आमचे रुग्ण दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा सोबत्यानेच त्यांना संध्याकाळी दवाखान्यात आणले. त्यास आता दहा वर्षे होऊन गेली. दोघेही मुक्त आहेत. श्वास पूर्णतः गेलेला नाही. फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, ती वाढण्याचा वेग तेवढा मंदावतो. त्यांना आजही औषध घ्यावे लागते. परंतु पाच पायऱ्या ते न थांबता चढतात. त्या चौदा महिन्यांत जे गेले ते मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रकावर 'अपथ्य' या सदराखाली 'उपस्थाता' असे आणखी एक सदर छापून घ्यावे आणि ते रिकामे राहू देऊ नये, एवढेच सुचवितो. आपले अनुभव, विशेषतः अपयशाचे, संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावेत. इत्यलम्.